धुऱ्यावरचं मागणं

“सुट्टीच घ्यायची आहे, तर मंग कामाले काहून जाऊन राहिली वं हे?”

स्वयंपाकघरातून शेजारच्या काकूंचा आवाज आला. त्या मावशीकडे वाटीभर साखर मागायला आल्या होत्या आणि साखर मिळून बराच वेळ झाला होता. मी आतल्या खोलीत उघड्या ट्रंकेसमोर बसून पातळांच्या घड्या घालत होते. मधलं दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं.

“इथल्या कामानं तिचं मन नाही भरलं,” मावशी म्हणाली, “अन् इथल्या सुट्टीनंही नाही.”

“ते जाऊ द्या. पण हे तिकडे बोलीन कोणाशी? मी जिन्यात रोज विचारते, जेवली का बाई, तर मान हालवते. इंग्रज लोकाइले मान हालवलेली समजते का?”

“समजत असंन. त्याइच्यातही असतीनच ना मुके.”

दोघी हसल्या. मीही हसले, पण आवाज दाराबाहेर जाऊ दिला नाही.

धंतोलीतल्या त्या बिऱ्हाडात मी कॉलेजात गेल्यापासून राहत होते. त्याआधी नागपुरातच, मुलींच्या कॉन्व्हेंट शाळेच्या वसतिगृहात. आमचं घर कुहीच्या पुढच्या एका गावात, भातशेतीच्या मुलखात; पण सहाव्या वर्षापासून मी तिथं फक्त सुट्टीत जाणारी. शाळेत इंग्रजी, मावशीकडे तिचं अर्धं हिंदी अर्धं मराठी, गावात गावची बोली. तोंड उघडायच्या आधी यातलं काय बाहेर काढावं हे ठरवता ठरवता समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. त्यामुळे मला बघायची सवय जास्त लागली. शेजारच्या काकू हसताना पदर डाव्या हातानं तोंडावर घेतात, हे मला ठाऊक होतं. माझ्याबद्दल त्यांना ठाऊक असलेली गोष्ट एकच, की मी मान हलवते.

ती सत्तरच्या दशकाची अखेर होती. शाळेत असताना आम्हा मुलींना परदेशातल्या पत्रमैत्रिणी मिळवून दिल्या होत्या. बाकीच्यांची पत्रं वर्षा-दोन वर्षांत थांबली. माझी टिकली, कारण लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची इंग्लंडच्या दक्षिणेला सफरचंदांची बाग होती. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं निरनिराळ्या देशांतली तरुण मुलंमुली येत, फळं तोडत, बागेतल्याच लाकडी खोल्यांत राहत, आणि हंगाम संपला की मिळालेल्या पैशांत देश बघत हिंडत. याला ते ‘वर्किंग हॉलिडे’ म्हणत. “तूही ये,” असं तिनं किती तरी पत्रांत लिहिलं होतं. मी नागपुरात एका प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते, विमानाच्या तिकिटापुरतं साठलं होतं, आणि एका उन्हाळ्यात मी तिला लिहिलं, की येते. तोंडानं म्हणायचं असतं तर मला जमलं नसतं.

बाबांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते खळखळून हसले. ते स्वतः शेतकरी. “आपण इथं मजूर शोधून राहिलो,” ते म्हणाले, “अन् आपली पोरगी मजूर होऊन विलायतेले चालली.” लगेच त्यांचा चेहरा पडला. “पण भाऊले काय सांगू?”

भाऊ म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा. घर एकत्र होतं आणि मोठेबाबांचा होकार नसला तर आमच्या घरातलं कोणी साधं लग्नाला परगावी जात नसे. ते ओरडत नसत, मारत नसत. नुसते गप्प बसत, आणि त्यांच्या गप्प बसण्यात घर आपोआप थांबायचं. मला इंग्रजी शाळेत घालायचं त्यांनीच ठरवलं होतं. त्यांनीच मला बैलगाडीतून कुहीपर्यंत आणि तिथून एसटीनं नागपूरला नेऊन वसतिगृहाच्या पायरीवर सोडलं होतं. त्यामागचं कारण आमच्या घरात रोज डोळ्यांपुढे चालत असे. मोठी आई, त्यांची बायको, लग्नाआधी आणि लग्नानंतरही पुष्कळ वर्षं लोकांच्या शेतात भाताच्या रोवणीला जायची, तेव्हा घरची जमीन नावापुरतीच होती. तिची कंबर नंतर पुरती सरळ झालीच नाही. अंगणातून जाताना ती खाली पडलेली सुई शोधत असल्यासारखी चालायची. मोठेबाबा म्हणत, या घरची पोरगी लोकाच्या वावरात उभी राहणार नाही. आणि मी नेमकी त्यासाठीच सात समुद्र ओलांडायला निघाले होते.

बाबांनी मोठेबाबांना सांगितलं, “पोरीले विलायतेत ऑफिसचं काम भेटलं, दोन-चार महिन्याचं.” मोठेबाबांनी मान डोलावली. बाबांना वाटलं, निभावलं.

नागपुरातले निरोप मला वाटलं होतं त्याहून गोड झाले. शाळेतली मुलं माझी फार लाडकी. त्यांच्यापुढे मी भरपूर बोलायची, गाणी म्हणायची, कोल्हा होऊन खुर्चीवर चढायची. शेवटच्या दिवशी एकीनं विचारलं, “मिस, राणी भेटली तर तिला काय म्हणाल?” दुसरा म्हणाला, “मिसना आधी हिंदीत म्हणावं लागेल, मग त्या भाषांतर करतील.” बर्फ आणायचं वचन माझ्याकडून तिघांनी घेतलं. एकानं तर डबा दिला. झाकण घट्ट बसतं, वितळणार नाही, म्हणाला.

स्वेटरचा प्रश्न सगळ्या इमारतीनं अंगावर घेतला. नागपुरात पावसाळ्यात लोकरीचं दुकान कोण उघडं ठेवणार? मावशीनं काकांचा जुना तपकिरी स्वेटर उसवला. काका पेपर वाचता वाचता एकदा वर बघून म्हणाले, “माझ्या अंगावरचा सोडून बाकी सगळं उसव.” शेजारच्या काकूंनी बाह्या विणायला घेतल्या, समोरच्या बाईंनी पाठ. तिघींच्या हातांचे टाके तीन तऱ्हेचे पडले. घालून बघितला तर डावा हात बोटांपर्यंत झाकला जायचा आणि उजवा मनगटाच्या वरच राहायचा. “उजव्या हातानं काम करते ना थे,” काकू म्हणाल्या, “मोकळा पायजे.” पंखा चालू असताना, घाम गाळत, मी तो स्वेटर घालून मधल्या खोलीत गोल फिरले आणि सगळ्या जणी टाळ्या वाजवत होत्या.

माझी ओटी भरायची की नाही यावरही चर्चा झाली. लग्न न झालेल्या मुलीची कशी भरायची? पण इतक्या लांब जाणारीला रिकाम्या हातानं तरी कसं पाठवायचं? शेवटी ठरलं, की कुंकू लावायचं आणि नारळ हातात द्यायचा, ओटीत घालायचा नाही. त्यामुळे जिन्यातल्या प्रत्येक दारात मला एकेक नारळ हातात मिळाला, आणि ते सगळे मावशीनं त्याच आठवड्यात वड्या करून परत त्याच दारांत पोचवले.

मग मी गावी निघाले. घरच्यांना भेटायचं, तिथून मावशीकडे परत यायचं आणि नागपूरहून मुंबईची गाडी पकडायची. ट्रंक अर्धी भरलेली नागपुरातच ठेवली. उरलेल्या जागेत काय भरायचं ते आई ठरवणार होती.

बाबा कुहीला एसटी थांब्यावर बैलगाडी घेऊन आले होते. वाटेत त्यांनी बैलांकडे बघत, मला ऐकू येईल असं सांगितलं, “गावात जरा गोष्ट वाढली आहे.”

किती वाढली ते गाडी गावात शिरल्यावर कळलं. किराणा दुकानदार हात जोडून उभे राहिले. “बाई, साहेबाच्या शेजारीच टेबल आहे म्हणे तुमचं.” मी बाबांकडे बघितलं. ते बैलांकडे बघत होते. पुढच्या चौकात एका म्हाताऱ्यानं विचारलं, “तिथं बँकेत आपल्या नोटा चालतीन का वं?” आणि आमच्या दारापर्यंत पोचेस्तोवर मी बँकेतून निघून सरकारी कचेरीत पोचले होते. मी सगळ्यांना मान हलवली. माझी मान हलवण्याची सवय बाबांना आजवर इतकी कामी कधी आली नव्हती.

“सगळं मी नाही सांगितलं,” बाबा कुजबुजले. “ऑफिस माह्यं. टेबल लोकाइनं लावलं.”

ते रोवणीचे दिवस होते. आमच्याकडे भाताच्या शेताचे बांध घालून तुकडे पाडतात, त्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा. एका कोपऱ्यात दाट पेरलेली रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटून चिखल केलेल्या बांध्यांत पुन्हा एकेक करून लावायची, ती रोवणी. पाणी आहे तोवर संपवावी लागते, म्हणून त्या दिवसांत गावात कोणी रिकामं दिसत नाही. घरात मात्र मला कोणी कशाला हात लावू देत नव्हतं. आई मला पाटावर बसवून ठेवायची. मोठी आई वाकलेल्या पाठीनं येऊन माझे हात आपल्या हातांत घ्यायची, तळवे उलटे करून बघायची आणि म्हणायची, “लोण्यावाणी हायेत. टेबलावर असेच राहतीन.”

रविवारी मोठेबाबांचे जावई मला भेटायला आले. ते नागपुरात पोस्टात होते. दुपारी पंगत बसली. पुरणपोळी होती. मोठेबाबा, जावई, बाबा आणि मी, कारण त्या दिवशी पाहुणी मीच होते. आई आणि मोठी आई वाढत होत्या.

“मुंबईहून विमान,” मोठेबाबा जावयांना सांगत होते. त्यांच्या बोलण्यातला अभिमान त्यांनी झाकला नव्हता. “मंग लंडन. मंग तिथून रेल्वे.”

“एकटी पोरगी,” मोठी आई तूप वाढता वाढता म्हणाली. “माह्या तं जीव घाबरून राहिला.”

आईला तिला धीर द्यायचा होता. तेवढंच तिच्या मनात होतं. “काही घाबरू नका, बाई,” ती म्हणाली. “थे झाडं उंच नसतात म्हणे. शिडीवरून पडायची भीतीच नाही.”

बाबांचा हात वाटीत थांबला.

“ऑफिसात झाडं?” जावयांनी विचारलं. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं होतं.

आईच्या तेव्हा लक्षात आलं. तिनं भाताचं पातेलं उचललं आणि काही न वाढता आत गेली.

“झाडावर काय काम आहे?” मोठेबाबांनी विचारलं. त्यांनी मला विचारलं होतं, माझ्याकडे बघून. माझ्या तोंडात पुरणपोळीचा घास होता, पण तो नसता तरी मी बोलले असते असं नाही.

“सफरचंदं,” बाबा म्हणाले. “तोडणी.”

“कोणाची?”

“तिच्या मैत्रिणीच्या बापाची बाग आहे.”

“म्हणजे लोकाच्या वावरात.”

“भाऊ, तिथं चांगल्या चांगल्या घरचे पोट्टे येतात. कॉलेजातले. थे त्याले मजुरी नाही म्हणत.”

“तोडायचे पैसे देतात?”

“देतात.”

“मंग काय म्हणतात?” मोठेबाबा उठले. पान पूर्ण झालेलं नव्हतं. दारापाशी हात धुताना ते बाबांना पाठमोरेच म्हणाले, “तिले इंग्रजी शाळेत काहून टाकली होती गा आपण?”

यापलीकडे ते काही बोलले नाहीत. जा म्हणाले नाहीत आणि नको जाऊ असंही म्हणाले नाहीत. संध्याकाळी आईनं माझ्यासाठी कुटून ठेवलेलं तिखट डब्यात भरायला घेतलं आणि तसंच परातीत ठेवून दिलं. मी समजले. मोठेबाबा बोलेपर्यंत माझ्या ट्रंकेत काही जाणार नव्हतं. तिकीट काढलेलं होतं, पासपोर्ट होता, तिकडे माझ्या नावाची खाट मांडलेली होती. पण त्यांचा होकार न घेता त्या घराच्या उंबऱ्याबाहेर पाय टाकावा असं माझ्या मनातही आलं नाही. मला जायचंही होतं, आणि मला वसतिगृहाच्या पायरीवर सोडून परत जाताना तीनदा मागं वळून बघणाऱ्या माणसाला दुखवायचंही नव्हतं.

जावई, बाबा, आई, एकेक जण त्यांच्याशी माझ्या वतीनं बोलून आला. मोठेबाबा ऐकून घ्यायचे आणि बैलांना चारा टाकायला जायचे.

सोमवारी सकाळी घरात बसवेना. मोठी आई रोवणीच्या बायांसाठी भाकरीची टोपली घेऊन निघाली तशी मी तिच्या हातातून टोपली घेतली आणि मागोमाग चालू लागले. तिनं नको म्हटलं नाही. शेतात पोचल्यावर ती धुऱ्यावर टेकली आणि बायांना म्हणाली, “हे घरात बसून सुकून राहिली. हिले घ्या तुमच्यात.”

“मिसले?” बायांची पुढारीण म्हणाली. उंच, हाडाची बाई, कपाळावर ठसठशीत गोंदण. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “चप्पल काढून येजो, मिस. ऑफिसात काढत नसतीन.”

म्हणजे गावात अजून ऑफिसच चालू होतं. मी चप्पल काढली, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलं आणि उतरले. चिखल ऊबदार होता. पोटऱ्यांपर्यंत आत गेला आणि मला हसू आलं. असं काही मऊ मोजे घातल्यासारखं वाटेल याची कल्पना नव्हती. कोणीतरी पऱ्ह्यांची पेंडी माझ्या हातात दिली. शेजारणीचं बघून मी तीन-चार रोपं वेगळी केली, अंगठ्यानं चिखलात खोचली, सरळ उभी राहिलेली बघितली, आणि समाधानानं एक पाऊल पुढं टाकलं. पुन्हा खोचली, पुन्हा पुढं. अर्धी ओळ झाली तेव्हा अख्खी रांग काम थांबवून माझ्याकडे बघत उभी होती.

“आपल्याच पऱ्ह्यावर नाचून राहिली वं हे,” एक जण म्हणाली.

मी मागं बघितलं. रोवणी उलट्या पावलांनी करतात. लावायचं आणि मागं सरकायचं. मी पुढं सरकत गेले होते आणि लावलेलं प्रत्येक रोप माझ्याच पायाखाली आडवं झालं होतं. मला बाहेर पळून जावंसं वाटलं, पण चिखलातून पळता येत नाही. आणि मग त्या सगळ्या जणी अशा हसल्या, पोट धरून, एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून, की मलाही आवरेना. या वेळी माझा आवाज बाहेर पडला. मोठी आई धुऱ्यावर बसून डोळे पुसत होती.

“मागं चाल, बाई,” पुढारीण म्हणाली. “मागचं पाहू नको. मागं धुरा आहे, तोच सांगते कोठी थांबायचं ते.”

मी मागं चालायला शिकले. दुपारपर्यंत कंबर भरून आली, संध्याकाळी वाकता येईना आणि दुसऱ्या दिवशी सरळ होता येईना, तशीच मी परत शेतात गेले. आईनं माझी दोन्ही पातळं चिखलात गेली म्हणून स्वतःचं जुनं लुगडं दिलं. बाया मला मधे घ्यायच्या, म्हणजे माझी ओळ मागं पडली की दोन्हीकडून हात यायचे आणि ती भरून टाकायचे. त्या सबंध दिवस बोलायच्या. नवऱ्यांबद्दल, सासवांबद्दल, कोणाच्या म्हशीनं कोणाची वेल खाल्ली त्याबद्दल. मान हलवायची सोय नव्हती. मान खाली होती आणि कोणी बघत नव्हतं. त्यामुळे मला बोलता यायला लागलं. पहिल्यांदा नुसतं “हो”, मग “मंग काय झालं?”, आणि एका दुपारी मी त्यांना मावशीच्या स्वेटरची पूर्ण गोष्ट सांगितली.

“उजवा हात मोकळा काहून?” पुढारणीनं विचारलं. “टेबलावर तं दोन्ही हात लागतात.”

मी एक ओळ लावली. मग त्यांनाही खरं सांगितलं. तिथं टेबल नाही, झाडं आहेत.

पुढारीण हातातली पेंडी घेऊन सरळ उभी राहिली. “अन् पैसे देऊन, राहायले देऊन, गाव हिंडू देतात?” तिनं विचारलं.

“हो.”

“मंग मले घेऊन चाल,” ती म्हणाली, आणि बाकीच्या जणी आपापला नंबर लावायला लागल्या. कोणी म्हणे, माझ्या नवऱ्याला सांगू नका. कोणी म्हणे, शिडीवर माझी सासू चढवा आणि शिडी काढून घ्या.

मोठेबाबा रोज यायचे. छत्री घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरायचे. मी दिसले की त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बांधीत जायची. ते मला बाहेर काढत नव्हते, कारण आपल्या घरच्या वावरात उतरणं ही मजुरी नव्हे. पण ते खूशही नव्हते. एकदा पुढारणीला म्हणाले, “थे मधातली ओळ वाकडी आहे.”

“लावणारीलेच सांगा ना, मालक. इथंच उभी हाय.”

मोठेबाबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि निघून गेले.

माझ्या मुंबईच्या गाडीचा दिवस जवळ आला होता. त्याच्या आदल्या दिवशी तरी मला नागपूर गाठायला हवं होतं. घरात तिखट परातीतच होतं.

मग रोवणी संपायचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवसाची एक रीत आहे. शेवटच्या बांधीत बाया हातभर जागा मुद्दाम मोकळी ठेवतात. मालक आला की शेवटची पेंडी त्याच्या वाटेत धुऱ्यावर आडवी ठेवतात आणि बोजारा मागतात, म्हणजे रोवणी पार पडल्याचं जेवण. ती पेंडी मालकानं ओलांडायची नसते. तिथं उभं राहून तो घासाघीस करतो, थट्टा करतो, रागावल्यासारखं दाखवतो, पण धुऱ्यावर मागितलेलं नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर ती हातभर जागा रिकामी राहते, आणि रिकामी जागा सोडून घरी जाईल असा शेतकरी आमच्या मुलखात नाही. मी लहानपणी ही गंमत सुट्टीत लांबून पाहिली होती. तिचा एक भाग मात्र मला माहीत नव्हता.

मोठेबाबा आले. पेंडी आडवी पडली. बाबा पलीकडच्या धुऱ्यावर बैलांपाशी होते, मोठी आई टोपलीपाशी.

“बोजारा, मालक,” पुढारीण म्हणाली.

“दरवर्षी देतो ना.”

“दरवर्षी तुम्ही बुंदी देता. बुंदी खाऊन कमर सरळ होते का?”

“बरं, मागा,” मोठेबाबा म्हणाले. “मागणारी कोण आहे यंदा?”

“जे पहिल्यांदा चिखलात उतरली थे,” पुढारीण म्हणाली, आणि मागून किती तरी हातांनी मला पुढं ढकललं.

मी लुगडं खोचलेली, कोपरांपर्यंत चिखलानं भरलेली, मोठेबाबांच्या समोर उभी राहिले. त्यांनी पहिल्यांदा, त्या रविवारनंतर पहिल्यांदा, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग नजर बाजूला घेतली.

“हे काय मागीन,” ते हळू आवाजात पुढारणीला म्हणाले. “हे बोलत नाही. तूच सांग.”

“रीत हाय, मालक. तिनंच मागायचं.”

पलीकडून बाबांनी सगळं ओळखलं असावं. बैल सोडून ते भराभर धुऱ्यावरून यायला लागले, माझ्यासाठी बोलायला, नेहमीसारखे. पुढारणीनं हात वर केला. “तुम्ही मधात नका येऊ गा, धाकले मालक. तिथंच थांबा.” आणि बाबा खरंच थांबले, एक पाय धुऱ्यावर आणि एक पाण्यात.

“बकरं म्हण वं,” माझ्या कानाशी कोणीतरी फुसफुसलं. “श्रावण लागला की मंग भेटत नाही.”

“इंग्रजीत माग, मिस,” दुसरी म्हणाली. “लवकर भेटीन.”

बाया हसल्या. मोठेबाबा हसले नाहीत, पण गेलेही नाहीत. पेंडी ओलांडून जाता येत नव्हतं. ते छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि त्यांच्या मागं वाकलेली मोठी आई मान वर करून माझ्याकडे बघत होती. कोणतं वाक्य आधी काढायचं याचा विचार करायला मला वेळ मिळाला नाही, आणि लागलाही नाही.

“मोठेबाबा,” मी म्हणाले, “श्रावण लागायच्या आत या बायाइले बकऱ्याचं जेवण द्या, अन् मले सफरचंदं तोडायले जाऊ द्या.”